नसलेल्या धडाची साक्ष

२१ मे १९९१. रात्रीचे दहा वाजून गेले होते. मद्रासपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी प्रचारसभेसाठी आले होते आणि लोकांचे हार स्वीकारत व्यासपीठाकडे निघाले होते. त्या गर्दीत चंदनाचा हार घेतलेली एक चष्मेवाली तरुणी होती. हार घालून ती पाया पडायला वाकली आणि स्फोट झाला. राजीव यांच्यासह डझनाहून जास्त माणसं गेली. त्यांना कविता ऐकवायला आलेली एक लहान मुलगीही गेली. या घटनेबद्दल वाचताना मी दर वेळी त्या मुलीपाशी अडखळतो.

ती तरुणी 'लिट्टे' या श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोर संघटनेची धनू होती, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. १९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेवरचा राग त्यामागे होता, हेही. त्या रात्री मात्र कुणालाच काही उमगत नव्हतं. बॉम्ब हारात होता, फुलांच्या परडीत होता की जमिनीत पुरलेला होता, असे तर्क चालले होते. उत्तर दिलं तमिळनाडूच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे संचालक प्रा. पी. चंद्रशेखरन यांनी.

त्यांची नजर गेली ती जे सापडत नव्हतं त्याकडे. एका स्त्रीचं डोकं होतं, हातापायांचे भाग होते, पण धड नव्हतं. इतर मृतांची तशी गत झालेली नव्हती.

याचा अर्थ कळायला स्फोटाचं भौतिकशास्त्र थोडं बघावं लागतं. वापरलेलं स्फोटक आरडीएक्स होतं. ते लाकडासारखं जळत जात नाही. त्यातून आघातलहर धावते, सेकंदाला ८ किलोमीटरहून जास्त वेगाने. वीतभर स्फोटकाचा वायू व्हायला लागणारा वेळ पापणी लवण्याच्या वेळेपेक्षा हजारो पटींनी कमी असतो. स्फोटकाला चिकटलेल्या गोष्टीवर या लहरीचा सगळा दाब पडतो. पण अंतर वाढलं की हा दाब झपाट्याने उतरतो. अगदी जवळच्या टप्प्यात अंतर दुप्पट झालं तर दाब निम्म्याहूनही कितीतरी खाली येतो. म्हणून कंबरेला बांधलेला बॉम्ब धड नाहीसं करतो आणि हातभर लांब असलेलं डोकं नि पाय मागे उरतात. बॉम्ब जमिनीत असता, तर आधी पाय गेले असते.

बॉम्बमध्ये भरलेल्या छऱ्यांची गोष्ट वेगळी. पोलादाचा बारीक छरा हवेत वेग गमावतो, पण लहरीइतक्या लवकर नाही. त्यामुळे लांबच्या माणसालाही तो लागतो आणि लागताना आपल्या दिशेची खूण मागे ठेवून जातो. वेगवेगळ्या लोकांच्या जखमांवरून मागे रेषा ओढत गेलं, की त्या कुठे एकत्र येतात ते दिसतं. शिवाय घटनास्थळी डेनिमच्या कापडाचे तुकडे, वायर, बॅटरीचे अवशेष होते. धनूने कपड्यांखाली अंगावर चढवलेल्या बॉम्बचं चित्र त्यातून जुळत गेलं.

दुसरा पुरावा होता कॅमेऱ्याचा. कटवाल्यांनीच फोटो काढायला आणलेला हरिबाबू स्फोटात मेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला. आतल्या फिल्मवर दहा फोटो होते. प्रयोगशाळेने तुकड्यांवरून जी स्त्री उभी केली, तीच एका फोटोत हिरव्या-नारिंगी सलवार-कमीजमध्ये हार धरून उभी दिसते. शेजारी पांढऱ्या कुर्त्यातला, हातात वही घेतलेला, पत्रकार वाटावा असा एक माणूस आहे. तो या कटाचा सूत्रधार शिवरासन.

एकीकडे चिंध्या, दुसरीकडे फोटो. माझ्या मते या तपासाचं खरं बळ इथे आहे. तज्ज्ञाच्या एकट्याच्या शब्दावर कुणाला विसंबावं लागलं नाही.

शिवरासनचा तो फोटो वर्तमानपत्रांत छापून आला, पोस्टरांवर लागला, आणि त्याला लपायला जागा उरली नाही. ऑगस्टमध्ये बंगळूरजवळच्या कोननकुंटे इथल्या घराला कमांडोंनी वेढा घातला. ते आत शिरले तेव्हा तो आणि त्याचे साथीदार मरून पडले होते.