भारी पण नाजूक पाने (नो-लिमिट पोकर स्पर्धा)

नो-लिमिट टेक्सास होल्डेमच्या (हातातली दोन आणि टेबलावरची पाच सामाईक पाने जुळवायचा, एका वेळी हव्या तितक्या चिप लावता येणारा पोकर) स्पर्धेत या घडीला बहुधा सर्वांत वरचढ असलेली, पण टेबलावर उघडणाऱ्या पुढच्या एक-दोन पानांनी मागे पडू शकणारी पाने म्हणजे भारी पण नाजूक पाने. राण्यांची किंवा गुलामांची जोडी, फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन पाने) मोठ्या किकरसह (जोडीबाहेरचे सोबतचे पान) लागलेली टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेली जोडी), फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) किंवा स्ट्रेट (लागोपाठची पाच पाने) जुळण्याजोग्या फ्लॉपवरच्या दोन जोड्या ही नेहमीची उदाहरणे. फुल हाउस (एका किमतीची तीन आणि दुसऱ्या किमतीची दोन पाने) लागला की खेळाडू सहसा निवांत असतो. इथे आघाडी आत्तापुरतीच असते आणि पुढची पाने पाहण्याची किंमत प्रतिस्पर्ध्याकडून किती वसूल करायची, हा खरा प्रश्न असतो.

नाजूकपणा सर्वाधिक वाढतो तो प्रतिस्पर्ध्यांच्या संख्येने. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध शेवटपर्यंत सुमारे 85 टक्के वेळा जिंकते. चौघांविरुद्ध हेच प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास येते आणि आठ जणांविरुद्ध 35 टक्क्यांवर घसरते. म्हणूनच मोठ्या जोडीवर फ्लॉपच्या आधी रेझ करून (बोली वाढवून) गर्दी कमी करतात. मधल्या जोड्यांना दुसरीही भीती असते. हातात गुलामांची जोडी असताना फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का यांपैकी निदान एक पान येण्याची शक्यता 57 टक्के आहे. राण्यांच्या जोडीवर राजा किंवा एक्का पडण्याची 41 टक्के.

एक डाव जवळून पाहू. हातात इस्पिक आणि किलवरची राणी, समोर एकच खेळाडू, पॉट (मध्ये जमलेल्या चिप) 6,000 चा. फ्लॉपवर बदाम नश्शी, बदाम अठ्ठी आणि चौकट तिर्री. न दिसलेली पाने 47. त्यांतली 11 बदामाची. उरलेल्या तीन रंगांतले एक्के आणि राजे मिळून 6. स्ट्रेटची शंका आणणारे गुलाम, दश्श्या आणि सत्त्या मिळून 9. म्हणजे टर्नला (टेबलावरचे चौथे पान) 26 पाने, निम्म्याहून जास्त, आपल्याला अडचणीत टाकू शकतात. यातल्या प्रत्येक पानाने आपण हरतोच असे नाही, पण प्रत्येक पानानंतर निर्णय अवघड होतो. अशा फ्लॉपवर मोठे मासे जाळ्यात ओढण्यासाठी चेक करून (काहीच न लावता) थांबणे मला साफ चुकीचे वाटते.

आता रक्कम किती लावायची? प्रतिस्पर्ध्याकडे बदामाची दोन पाने असतील, तर टर्नला फ्लश पूर्ण होण्याची शक्यता सुमारे 19 टक्के, रिव्हरपर्यंत (पाचवे, शेवटचे पान) 35 टक्के. आपण 1,500 लावले तर 7,500 जिंकण्यासाठी त्याला 1,500 मोजावे लागतात. कॉल (समोरच्याइतकी रक्कम भरणे) परवडायला जिंकण्याची 17 टक्के शक्यता पुरते आणि आपण त्याला स्वस्तात पान दाखवतो. 4,000 लावले तर त्याला सुमारे 29 टक्के लागतात, आणि फक्त पुढच्या पानाच्या भरवशावर तो कॉल तोट्याचा ठरतो. मात्र घाबरून पॉटच्या पाच-सहा पट रक्कम ढकलणे ही उलट टोकाची चूक. दश्श्यांच्या जोडीसारखी कमकुवत पाने फोल्ड होतात (टाकून दिली जातात) आणि कॉल करतात ती मुख्यतः तिर्रींचा सेट (तीन तिर्र्या) असलेली मंडळी. स्टॅक (खेळाडूकडच्या चिप) पॉटच्या दुपटीइतकाच उरला असेल तर गोष्ट वेगळी: 12,000 चा ऑल-इन (सगळ्या चिप लावणे) कॉल करायला 40 टक्के लागतात, नुसत्या फ्लश ड्रॉकडे (फ्लशला एक पान कमी) 35 आहेत. स्टॅक खोल असताना टर्नला वाईट पान पडले, तर पॉट लहान ठेवून चेक करणे शहाणपणाचे.

2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा अखेरचा डाव या विषयाला धरून आहे. सॅमी फार्हा यांच्याकडे गुलाम-दश्शी, ख्रिस मनीमेकर यांच्याकडे पंजी-चौकी, फ्लॉप गुलाम-पंजी-चौकी. सगळ्या चिप फ्लॉपवरच मध्ये गेल्या. फार्हांची टॉप पेअर दिसायला भारी, पण आधीच मागे पडलेली. मनीमेकरांच्या दोन जोड्याही भक्कम नव्हत्या: उरलेले दोन गुलाम आणि तीन दश्श्या, कोणतेही एक पान पारडे फिरवू शकत होते. रिव्हरला पंजी आली आणि फुल हाउस झाला.

स्पर्धेत आणखी एक हिशेब येतो, जो रोख खेळात नसतो: गमावलेली चिप मिळवलेल्या चिपपेक्षा महाग असते. हे मोजायला वापरले जाणारे आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) प्रारूप डेव्हिड हार्व्हिल यांनी 1973 मध्ये मांडलेल्या शर्यतींच्या निकालांच्या सूत्रावर उभे आहे. समजा चार खेळाडू उरले, चौघांचे स्टॅक सारखे आणि तिघांना सारखेच बक्षीस. ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायच्या रकमा) बाजूला ठेवले तर फोल्ड करणाऱ्याच्या हाती बक्षिसाचा 75 टक्के हिस्सा आहेच. कोणी ऑल-इन गेल्यावर कॉल परवडायला निदान 75 टक्के वेळा जिंकायला हवे. समोर वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा असतील, तर राण्यांची जोडी जिंकते सुमारे 57 टक्के वेळा. पाने उघडी दिसत असली तरी ती फेकणेच बरोबर. पैसे मिळू लागण्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे बबलवर, हा दाब असाच जाणवतो, आणि तो सर्वाधिक असतो मधल्या स्टॅकवर. बबल फुटल्यावर, बक्षिसांच्या पायऱ्या लहान असतील तोवर, त्याच राण्या पुन्हा जवळजवळ नुसत्या चिपांच्या हिशेबाने खेळता येतात.