बोटीच्या जोडाला बोट लावून बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या शेतात एक शेततळं आहे. सरकारी कन्नड कागदावर त्याचं नाव ‘कृषी होंडा’. मिरचीला पाणी देऊन झालं की उरलेल्या वेळात त्यात भाच्याची रिमोटची बोट पळते. मागच्या मे महिन्यात ही बोट तळ्याच्या मधोमध अचानक गप्प झाली. ट्रॅक्टरची ट्यूब टाकून ती ओढून आणली, झाकणाची टेप सोडवली, तर आत जळक्या प्लॅस्टिकचा वास. बॅटरी ठीक, मोटर ठीक. बॅटरीची लाल वायर मात्र कनेक्टरमधून निसटून लोंबत होती आणि बोटीच्या तळाला सोल्डरचा एक चकचकीत थेंब गोठून बसला होता. तो जोड मीच केलेला, त्यामुळं ओरडायचं कुणावर हाही प्रश्न नव्हता.

कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतं. म्हणजे तीन-चार मिनिटांच्या फेरीत तो एवढासा जोड तिथवर पोचला होता. कसा, ते कळायला आधी घरातल्या गिझरकडं जाऊ.

गिझर २००० वॅटचा धरा. २३० व्होल्टवर तो साधारण ९ अँपिअर करंट ओढतो. एवढ्यावरही पिन सैल झाली की प्लग तपकिरी पडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आता बोट. सहा सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा दाब २२.२ व्होल्ट. तेच २००० वॅट काढायचे तर करंट ९० अँपिअर. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दहापट, तर उष्णता शंभरपट! गिझरचा जो प्लग वर्षानुवर्षं नुसता कोमट लागला असता, तोच इथं पहिल्याच फेरीत गेला असता.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करणाऱ्या आमच्या एका मामांना हे आकडे सांगितले तर ते हसले. “म्हणजे बोटीत वेल्डिंगची मशिनच बसवलाय की!” अगदी बरोबर. सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला शंभर-सव्वाशे अँपिअर लागतात आणि आर्कचा दाबही विसेक व्होल्टच असतो. अर्थिंगचा क्लॅम्प गंजलेल्या पत्र्यावर लावला की तो हात लावू देत नाही, हे उद्यमबागेतला पोरगाही जाणतो. बोटवाल्यांनी खरं तर त्यांच्याकडंच शिकायला जावं.

दोष वायरचा नव्हता. आमच्या बोटीत अमेरिकन मापाची १० गेजची तांब्याची वायर आहे, छेद सव्वापाच चौरस मिलिमीटरचा. एक मीटर वायरचा रोध ३.३ मिलीओहम. जाऊन-येऊन तीस सेंटिमीटर धरली तर एक मिलीओहम. चांगला बसलेला जोड याच्या कितीतरी आत राहतो. पण बिघडलेला एकच जोड एक मिलीओहमचा होऊ शकतो. ९० अँपिअरला त्यात ८ वॅट उष्णता होते. हे ८ वॅट फूटभर वायरीत पसरले तर वायर फार तर गरम लागेल. नखाएवढ्या पितळेत अडकले तर सोल्डर सुटतं. दाब किती घटला? फक्त ०.०९ व्होल्ट. बोटीचा वेग कमी झाल्याचं काठावरून कळतसुद्धा नाही, आणि फसवणूक होते ती इथंच.

आता कनेक्टरच्या आत काय चालतं ते बघू. दोन गुळगुळीत धातू एकमेकांना टेकले की ते पूर्ण चिकटले असं डोळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात दोन फणस एकमेकांवर टेकवल्यासारखा प्रकार असतो. टोकाला टोक लागतं, बाकी सगळी मोकळी जागा. रॅग्नर होल्म या स्वीडिश संशोधकानं विसाव्या शतकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. सगळा करंट या मोजक्या ठिपक्यांतून दाटीवाटीनं जातो, आणि ही दाटी म्हणजेच जोडाचा रोध. स्प्रिंग जेवढी घट्ट दाबेल तेवढी टोकं चेपतात, ठिपके वाढतात, रोध उतरतो. उलट जोड तापला की स्प्रिंगचा ताव जातो, पकड सैल होते, ठिपके कमी होतात आणि जोड आणखी तापतो. एकदा तापलेला कनेक्टर म्हणूनच पुन्हा वापरू नये. वरून कितीही सोनेरी दिसो.

सोन्याच्या मुलाम्याबद्दलही गैरसमज आहेत. तो करंट जास्त नेतो म्हणून नसतो. त्याचा थर तेवढ्यासाठी फारच पातळ. सोनं काळं पडत नाही, एवढंच त्याचं काम. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत तेवढं पुष्कळ आहे. बॅटरी जोडून ठेवलेल्या बोटीत पाणी शिरलं, तर धन बाजूच्या उघड्या तांब्यावर हिरवं जंगाल चढायला वेळ लागत नाही.

मग कनेक्टर घ्यायचा कुठला? नावातल्या आकड्यावर जाऊ नका. ‘एक्सटी-६०’ या नेहमीच्या कनेक्टरच्या नावातले साठ अँपिअर थोड्या वेळापुरते. सतत न्यायचा करंट त्याहून बराच कमी. ड्रोनला किंवा गाडीला चालतं, कारण तिथं थ्रॉटल वर-खाली होत असतो. बोटीत मात्र फेरीभर बोट ट्रिगरवर दाबलेलंच. त्यात पाणी हवेच्या आठशेपट दाट. बोट ढकलणाऱ्या पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या पटीत वाढते, त्यामुळं पंखा थोडा मोठा लावला किंवा त्यात शेवाळ गुरफटलं की करंट कुठल्या कुठं जातो. मोटर आणि तिचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरला नळीतून तळ्याचं पाणी फिरवून थंड ठेवतात. टेपनं बंद केलेल्या पोटात बसलेल्या कनेक्टरला त्यातला थेंबही मिळत नाही.

माझा हिशेब असा. करंट सतत चाळीस अँपिअरच्या आत असेल तर एक्सटी-९०, ज्यात साडेचार मिलिमीटरच्या पिना असतात. चाळीशीपासून शंभरीपर्यंत साडेपाच किंवा सहा मिलिमीटरचे सुटे बुलेट, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे एकेका वायरीचे कनेक्टर. त्यापुढं आठ मिलिमीटर, दुसरा विचार नको. बुलेट शक्यतो भरीव आणि चिरलेला घ्यावा. सैल झाला तर चिरेत पातळ पातं घालून किंचित फाकवता येतो. सुट्या बुलेटचा धोका एकच, उलटं जोडण्याचा. एका क्षणात स्पीड कंट्रोलर जातो. बॅटरीच्या एका वायरीला नर आणि दुसरीला मादी बसवली की उलटं जोडताच येत नाही. नर असेल त्या वायरीवर मात्र टोपी हवीच. आणि पैसे वाचवायचेच असतील तर कनेक्टरपेक्षा आधी सेल वाढवा: तेवढीच शक्ती चार सेलऐवजी सहा सेलवर घेतली की करंट दोन-तृतीयांश होतो आणि जोडातली उष्णता निम्म्याहून खाली येते.

जोडताना ‘टच्‌’ करून ठिणगी उडते ना, ती कंट्रोलरमधल्या रिकाम्या कपॅसिटरची. ते एका झटक्यात भरायला बघतात आणि बुलेटच्या टोकावरचा मुलामा खरवडून नेतात. ठिणगीरोधक कनेक्टरमध्ये टोकाशी काही ओहमचा छोटा रोधक असतो. आधी तो टेकतो, कपॅसिटर सावकाश भरतात, मग पूर्ण जोड बसतो. सहा सेलपासून पुढं मी तोच वापरतो.

माझी चूक सोल्डरिंगची होती. पंचवीस वॅटची सोल्डरिंगची इस्त्री (आयर्न) घेऊन सहा मिलिमीटरचा बुलेट तापवत बसलो. वरून सोल्डर पसरलं, आत वायर कोरडीच. कल्हईवाला आधी भांडं तापवतो, नवसागरानं मळ काढतो, मगच कथील फिरवतो. हाच क्रम इथंही. नवसागर मात्र नको, तो तांबं खातो. राळेचा फ्लक्स घ्या. ऐंशी-शंभर वॅटची जाड टोकाची इस्त्री, लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडून उभा केलेला बुलेट, वायरीच्या टोकाला आधी कल्हई, मग बुलेटच्या वाटीत सोल्डर पातळ होऊ द्या आणि वायर आत बुडवा. गार होईपर्यंत हलवू नका.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. खडेबाजारातून साठ वॅटचे दोन हेडलाईट बल्ब आणा, तीन सेलच्या बॅटरीवर समांतर जोडा, मधे आपला जोड घाला. साधारण १० अँपिअर वाहतात. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून जोडाच्या दोन बाजूंना टोकं लावा. एक मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ मिलीओहम. माझा नवा जोड एकावर थांबला. निकामी झालेल्या जोडाची दुसरी, न सुटलेली बाजू मोजली तर नऊ.

नव्या जोडाची पहिली फेरी एक मिनिटाचीच. बोट काठाला घ्यायची, टेप काढायची, बॅटरी सोडवायची आणि प्रत्येक जोडाला बोट लावायचं. तीनपर्यंत मोजेतो बोट टिकलं, तर दुसरी फेरी तीन मिनिटांची. भाचा आता हे माझ्याआधी करतो.