जनमत कौल ‘एकमुखी’ नव्हता

दरवर्षी १६ जानेवारी, म्हणजे गोव्याचा अस्मिताय दीस (अस्मिता दिवस), जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर फिरू लागतो: १९६७ च्या जनमत कौलात गोंयकारांनी एकमुखाने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि गोवा राज्य झालं. यातला नकार खरा. बाकीचं चुकीचं.

मतपत्रिकेवर दोन निशाण्या होत्या: गोवा संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) ठेवण्याच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७०. फरक ३४,०२१. याला एकमत कसं म्हणणार? आणि घटक राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. तो दर्जा ३० मे १९८७ ला मिळाला.

दुसरी लोणकढी जास्त बोचते: ‘हिंदू फुलाकडे, ख्रिस्ती पानांकडे.’ तेव्हाही गोव्यात हिंदूच बहुसंख्य होते. मतं धर्माप्रमाणे सरळ वाटली गेली असती तर फूलच जिंकलं असतं. म्हणजे कितीतरी हिंदू घरांतून पानांना मतं गेली, आणि मराठी वाचणाऱ्या घरांतूनही. एकाच माजघरात दोन मतं असणं आपल्याला नवं थोडंच आहे!

यापुढचं मात्र मजकुरात कधीच नसतं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. कौल त्यांच्या विलीनीकरणवादी भूमिकेविरुद्ध गेला. तरी त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत गोंयकारांनी त्यांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षालाच पुन्हा निवडून दिलं आणि भाऊ परत मुख्यमंत्री झाले.