कुबरनेटिस कार्यशाळा

कुबरनेटिस कार्यशाळा : कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एका गाठोड्यात, बांधलेली सॉफ्टवेअरे अनेक यंत्रांवर मिळून कशी चालवायची, हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून शिकण्याचा एक-दोन दिवसांचा वर्ग. कुबरनेटिस या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. गूगलने ही प्रणाली २०१४ मध्ये खुली केली. २१ जुलै २०१५ रोजी तिची १.० आवृत्ती निघाली आणि तिची सूत्रे क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेली.

हा विषय नुसत्या व्याख्यानातून अंगी लागत नाही. आपण मागितलेली स्थिती आणि प्रत्यक्षातली स्थिती सतत ताडून पाहायची आणि तफावत भरून काढायची, हे कुबरनेटिसचे मुख्य काम. फळ्यावर ते सोपे वाटते आणि आठवड्यात विसरते. त्याऐवजी शिकणाऱ्याने एका खिडकीत पॉडची (एकत्र चालणाऱ्या एक वा अधिक कंटेनरच्या गटांची) यादी चालू ठेवावी आणि दुसऱ्या खिडकीतून त्यातला एक पॉड पुसून टाकावा. जुन्या नावापुढे ‘टर्मिनेटिंग’ उमटते आणि त्याच्याखाली शेवटची पाच अक्षरे वेगळी असलेला नवा पॉड उभा राहतो. तो कुणीही हाताने सुरू केलेला नसतो. बरेच जण लगेच दुसराही पुसून पाहतात. त्यांना खुशाल पुसू द्यावे, शिकणे तिथेच होते.

म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा समूह, हवा. एकाच क्लस्टरमध्ये नेमस्पेस (नावांनी वेगळे केलेले कप्पे) पाडून वीस जणांची सोय होते आणि खर्चही वाचतो. पण नोड (क्लस्टरमधले एकेक यंत्र) हे नेमस्पेसच्या बाहेरचे असल्याने कुणालाच नोड बंद पाडून काय होते ते पाहता येत नाही. लॅपटॉपवर मिनीक्यूब (एकाच यंत्रावर छोटा क्लस्टर उभा करणारे साधन) चालवायचा तर निदान दोन कोर, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी जागा लागते. त्यातून कार्यालयाच्या लॅपटॉपवर काही बसवायची परवानगी नसली, की सकाळ त्यातच जाते. कंटेनर आणि कुबरनेटिस शिकवणारे जेरोम पेताझोनी यांच्या कार्यशाळांची पद्धत अधिक चांगली : यंत्रे आधीच क्लाउडवर उभी करायची आणि प्रत्येकाच्या हाती पत्ता व पासवर्ड छापलेले कार्ड द्यायचे. लॅपटॉपवर एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याचे साधन) असले की झाले.

तयारीतल्या काही अडचणी आदल्या दिवशी दिसतच नाहीत. क्यूब-एडीएम या क्लस्टर उभारणाऱ्या साधनाचे नवा नोड जोडण्यासाठीचे टोकन मूळ रचनेत २४ तासांनी बाद होते, त्यामुळे दोन दिवस आधी लिहून ठेवलेली जोडणीची आज्ञा सकाळी चालत नाही. डॉकर हब या इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) पुरवणाऱ्या भांडाराने नोव्हेंबर २०२० मध्ये लॉगिन न केलेल्यांना सहा तासांत १०० इमेज अशी मर्यादा घातली आणि ती आयपी पत्त्यावर मोजली. सगळी खोली एकाच पत्त्यामागून बाहेर पडत असेल, तर तीस जणांच्या प्रत्येकी पाच इमेज म्हणजे दीडशे! मग पडद्यावर ‘इमेजपुलबॅकऑफ’ (इमेज उतरवता आली नाही) असा संदेश येतो आणि शिकणारा स्वतःची चूक शोधत बसतो. आपली रजिस्ट्री (इमेजचे भांडार) उभी करावी किंवा इमेज आधीच नोडवर उतरवून ठेवाव्यात. नोडपोर्ट (बाहेरून सेवेपर्यंत पोहोचण्यासाठी नोडवर उघडलेले पोर्ट) ३०००० ते ३२७६७ या टापूत मिळतात. सभागृहाच्या जाळ्यातून ते उघडतात का, हे तिथे जाऊनच तपासावे.

सरावाचे उदाहरण बेताचे असावे, पण त्याला अनेक भाग हवेत. पेताझोनी यांचे ‘डॉकरकॉइन्स’ तसे आहे : वर्कर (राबणारा भाग) एका सेवेकडून यादृच्छिक बाइट आणतो, दुसरीकडून त्यांचा हॅश (बाइटांवरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढून घेतो, रेडिस या डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि वेबपान वेगाचा आलेख काढते. वर्कर एकाचे दोन, दोनाचे तीन केले की आलेख चढतो. दहा केले तरी मात्र तो त्या प्रमाणात चढत नाही. दोन्ही सेवांना लागणारा वेळ मोजला की बाइट देणारी सेवाच तुंबलेली सापडते. हे उत्तर शिक्षकाने सांगू नये. खोलीला दहा मिनिटे शोधू द्यावे.

वर्ग चालू असताना एक जण शिकवणारा आणि दुसरा खोलीत फिरणारा हवा. अडलेला माणूस सहसा हात वर करत नाही, त्याचा पडदाच बघावा लागतो.

संध्याकाळी क्लस्टर पुसताना क्रम पाळावा. लोडबॅलन्सर (येणारी मागणी अनेक ठिकाणी वाटून देणारे साधन) मागणाऱ्या सेवा आणि साठवणुकीच्या मागण्या आधी काढाव्यात, मगच क्लस्टर. थेट क्लस्टर पुसला तर क्लाउडवरचे लोडबॅलन्सर आणि डिस्क मागे राहू शकतात आणि त्यांचे बिल चालू राहते.