बदलीच्या अर्जात भीतीला रकाना नाही

बदल्यांचं पोर्टल उघडलं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांत एकच बोलणं सुरू होतं: कोण कुणाला खो देणार, म्हणजे कुणाची जागा मागून त्याला हलवणार, आणि अशा हललेल्या विस्थापितांच्या फेरीत कोण लटकणार. घराजवळची शाळा हवी म्हणून ही धडपड, असा लोकांचा समज आहे. तो अर्धाच खरा. कित्येक बाईंच्या अर्जामागे भीती असते, आणि ती लिहायला अर्जात जागा नाही.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुढे 1962 पासून जिल्हा परिषदेच्या शाळा वाड्यावस्त्यांवर पोहोचल्या. शाळेमागे मास्तर गेला, नंतर बाईही गेल्या. त्यांनी राहायचं कुठे, याचा विचार फारसा झाला नाही. पूर्वी बदली म्हणजे पुढाऱ्याची चिठ्ठी. ती ज्यांच्याकडे नव्हती त्यांची नोकरी गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या कडेकपारीत सरायची.

27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने हे मोडलं. शाळांचं सर्वसाधारण आणि अवघड क्षेत्र ठरलं, बदल्या ऑनलाइन झाल्या, अवघड क्षेत्रात 3 वर्षं काढलेल्याला बदलीचा अधिकार मिळाला. ही सुधारणा मोठी होती, यात मला शंका नाही. 2021 मध्ये अवघड क्षेत्राला मोजता येणारे निकष लागले: 2000 मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस, हिंस्र प्राण्यांचा उपद्रव, रस्ता नसणं, मोबाईलला रेंज नसणं वगैरे. सातपैकी तीन निकष बसले पाहिजेत. दाजीपूरचे गवे आणि आजरा-चंदगडचे हत्ती त्यामुळे कागदावर आले. महिलांसाठी प्रतिकूल क्षेत्र ठरवण्याची सोयही धोरणात आहे.

पण धोका दरवेळी गावाच्या नकाशावर दिसत नाही. माझी थोरली बहीण दोनशिक्षकी शाळेवर होती. रस्ता डांबरी, रेंज चांगली, म्हणजे निकषांत ती शाळा अवघड नव्हतीच. शाळा सुटली की ती वडापची, म्हणजे शेअर जीपची, वाट बघत फाट्यावर उभी राहायची. तिथल्या टपरीवर रोज तीच चारपाच टाळकी. पावसाळ्यात सहालाच अंधारून यायचं, आणि ती छत्री मिटून हातात घट्ट धरायची, भिजली तरी. सहकाऱ्याचाच त्रास असेल तर आणखी कठीण. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तक्रारीसाठी अंतर्गत समिती सक्तीची केली ती 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे. दोन माणसांच्या शाळेतली बाई तक्रार घेऊन तालुक्याला, जिल्ह्याला जाणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाशेजारी त्याच माणसासमोर हजेरी मांडणार.

म्हणून भीती दुसरं नाव घेऊन अर्जात शिरते: पती-पत्नी एकत्रीकरण, नाहीतर आजारपण. ज्यांना अशी कुठलीच सवलत लागू नाही, त्या शिक्षिकांना सेवाज्येष्ठतेची वाट बघावी लागते.

बहिणीने पसंतीक्रम भरला त्या रात्री मी शेजारी बसलो होतो. शाळेचा पट तिने विचारलाच नाही. प्रत्येक गावापुढे ती पेन्सिलीने शेवटच्या एसटीची वेळ लिहीत होती.