शेंगेन प्रवास (नायजेरियातून) : व्हिसा आणि पैशांचे नियोजन

नायजेरियन पासपोर्टवर युरोपातील शेंगेन देशांत पर्यटन, नातेवाइकांची भेट किंवा व्यवसायासाठी जाताना करावी लागणारी कागदपत्रांची आणि परकीय चलनाची पूर्वतयारी. आपापसांतील सीमांवर तपासणी नसलेल्या या शेंगेन क्षेत्रात 29 देश असून लघुमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. नायजेरियन प्रवाशाची खरी अडचण क्रमाची आहे. व्हिसासाठी खात्यात पैसे आधी दिसावे लागतात, पण अधिकृत दराने डॉलर मात्र व्हिसा हातात पडल्यावरच मिळतात. मधल्या काळात नायरा (नायजेरियाचे चलन) घसरला तर तीच सहल बरीच महाग होते. त्यामुळे व्हिसा आधी, पैशांचे नंतर पाहू, अशी केलेली आखणी बहुधा फसते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत 15 दिवसांची असते, ती 45 दिवसांपर्यंत वाढू शकते. उन्हाळ्याच्या तोंडावर लागोस आणि अबुजाच्या व्हिसा-अर्ज केंद्रांत भेटीची वेळ मिळवण्यातच बरेच दिवस जातात, म्हणून तीन-चार महिने आधी सुरुवात केलेली बरी. अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिले पाऊल टाकणार त्या देशाकडे. भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करणे आणि मग आठ दिवस पॅरिसला राहणे, ही फेटाळणीची किंवा सीमेवर अडवले जाण्याची हमखास वाट आहे.

जून 2024 पासून प्रौढांसाठी फी 90 युरो आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो आहे. त्याखालच्या मुलांना फी नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी केंद्राचे शुल्क वेगळे. अर्ज फेटाळला तरी फी परत मिळत नाही, आणि हा धोका लहान नाही. 2024 मध्ये नायजेरियातून लाखाहून अधिक अर्ज गेले आणि सुमारे 46 टक्के फेटाळले गेले. चौघांचे कुटुंब असेल तर ही रक्कम बुडीत धरूनच हिशेब मांडावा.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला लागतो. नूतनीकरण लांबवू नये. सप्टेंबर 2025 पासून 32 पानी, पाच वर्षांचा पासपोर्ट 1 लाख नायरांना आणि 64 पानी, दहा वर्षांचा 2 लाख नायरांना मिळतो. पैशांपेक्षा जास्त त्रास नावांचा होतो. राष्ट्रीय ओळख क्रमांक, बँकेचा बीव्हीएन (खातेदाराचा पडताळणी क्रमांक) आणि पासपोर्ट या तिन्हींवर नाव सारखे हवे. लग्नानंतर पासपोर्टवर नवे आडनाव आले आणि बँकेत माहेरचेच राहिले, तर स्टेटमेंट नक्की कोणाचे असा प्रश्न उभा राहतो. तेव्हा विवाह प्रमाणपत्र जोडावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे बँकेतले नाव आधीच दुरुस्त करून घ्यावे.

रोजच्या खर्चाची किमान रक्कम प्रत्येक देश स्वतः ठरवतो. जर्मनी दिवसाला 45 युरो धरतो. फ्रान्समध्ये हॉटेलचे आरक्षण दाखवले तर 65, नाही दाखवले तर 120 युरो. दहा दिवसांच्या फ्रान्स भेटीला हॉटेलसह 650 युरो दाखवावे लागतात. एका युरोला 1,700 नायरा धरले तर ही रक्कम 11 लाख 5 हजार नायरा होते. हा आकडा स्थिर नसतो. जून 2023 मध्ये मध्यवर्ती बँकेने विनिमय दर मोकळा करण्यापूर्वी डॉलर अधिकृत बाजारात 470 नायरांच्या आसपास होता, 2024 च्या सुरुवातीला तो 1,500 च्या घरात गेला. म्हणून किमान रकमेइतकीच शिल्लक ठेवून अर्ज करणे धोक्याचे. भाडे, तिकीट आणि खर्च भागून वर निम्मी रक्कम उरेल एवढी तरी शिल्लक असावी.

तरीही मोठी शिल्लक म्हणजे चांगले स्टेटमेंट नव्हे. अधिकारी सहा महिन्यांच्या उताऱ्यात आकड्यापेक्षा चाल पाहतो. ठरावीक तारखेला येणारा पगार, त्यातून जाणारे घरभाडे, मुलांच्या शाळेची फी, आणि या सगळ्यातून हळूहळू वाढत गेलेली शिल्लक. अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम 50 लाख नायरा जमा झाले, तर ते उसने आणलेले दिसतात. असे पैसे काही दिवसांसाठी खात्यात ठेवून देणारे लोक नायजेरियात आहेत. त्यांच्या नादी लागू नये. जमीन किंवा गाडी विकून खरोखरच रक्कम आली असेल तर विक्रीचा करारनामा जोडावा. नोकरदाराने रजेची मंजुरी व परत रुजू होण्याची तारीख असलेले पत्र द्यावे. व्यावसायिकाने कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र, करभरणा आणि कंपनीच्या खात्याचा उतारा वेगळा द्यावा. देश सोडून कायमचे जाण्याची, म्हणजे ‘जापा’ची लाट मोठी असल्याने परत येण्याच्या हेतूबद्दल संशय हे नकाराचे नेहमीचे कारण आहे, आणि त्याला पैसा हे उत्तर नाही. नोकरी, घरातली माणसे आणि मागच्या प्रवासांतून वेळेत परतल्याची नोंद हे उत्तर आहे.

प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्राला आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांना लागू असणारा हवा. तिकीट मात्र व्हिसाआधी विकत घेऊ नये, आरक्षण पुरते. काही एजंट दोन दिवसांत आपोआप रद्द होणारे आरक्षण देतात. तपासणीच्या दिवशी ते सापडले नाही तर सगळ्याच कागदांवरचा विश्वास उडतो.

तिकीट निवडताना एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. शेंगेन देशांच्या सामायिक यादीत नायजेरिया असल्यामुळे, फ्रँकफर्टला फक्त विमान बदलून तिसऱ्या देशात जायचे असले तरी विमानतळ पारगमन व्हिसा लागतो (या सामायिक यादीत भारत नाही). अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा वैध व्हिसा असल्यास सूट मिळते. नसल्यास इस्तंबूल, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे जाणे सोपे.

व्हिसा मिळाल्यावर बँकेतून वैयक्तिक प्रवास भत्ता, म्हणजे अधिकृत दराने विकत मिळणारे परकीय चलन, घेता येतो. मर्यादा तिमाहीला 4,000 डॉलर आहे, व्यवसायासाठी 5,000. पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचे तिकीट जोडून परकीय चलन मागण्याचा ‘फॉर्म ए’ भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून हा भत्ता रोख मिळत नाही, कार्डावर भरला जातो. त्यामुळे कार्ड सुरू आहे ना, त्याचा पिन चालतो ना, हे निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे तर आठवडाभर आधी तपासावे. प्रवास रद्द झाला तर ही रक्कम बँकेला परत करावी लागते.

नायराच्या साध्या डेबिट कार्डावर विसंबू नये. 2022 मध्ये अनेक बँकांनी त्यावरची परदेशी खरेदीची मर्यादा महिन्याला 20 डॉलरवर आणली आणि पुढे ती सोयच थांबवली. 2025 मध्ये काही बँकांनी ती मर्यादेसह पुन्हा दिली, पण धोरण बदलू शकते. खरा आधार म्हणजे परकीय चलनाचे ‘डॉम’ खाते आणि त्याचे डॉलर कार्ड. हॉटेल अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला दिवस लागतात, म्हणून दुसरे कार्ड जवळ असावे. भाड्याची गाडी देणारे अनेकदा प्रीपेड कार्ड घेत नाहीत. यंत्राने ‘डॉलरमध्ये की युरोत’ असे विचारले तर युरो निवडावे, नाहीतर दुकानाचा महाग दर लागतो.

रस्त्यावरच्या ‘अबोकी’कडून, म्हणजे विनापरवाना चलन बदलून देणाऱ्याकडून, चलन घेणे बेकायदा तर आहेच, शिवाय खोट्या नोटांची भीती असते. थोडी रोकड परवानाधारक केंद्रातून घ्यावी. 10,000 डॉलरपेक्षा जास्त रोख नायजेरियातून नेताना जाहीर करावी लागते, तर युरोपीय संघाच्या सीमेवर 10,000 युरो किंवा अधिक असल्यास.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. सीमेवरचा अधिकारी हॉटेल, परतीचे तिकीट आणि पैसे पुन्हा विचारू शकतो. ही कागदपत्रे सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवावीत. अर्ज फेटाळला गेला तर छापील नमुन्यावर कारणांच्या खुणा केलेल्या असतात. अपिलाचा हक्क असतो, त्याची पद्धत देशागणिक वेगळी. जर्मनीने जुलै 2025 पासून दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद केली, आता न्यायालय किंवा नवा अर्ज एवढेच मार्ग उरले आहेत. नवा अर्ज करताना आधीच्या नकाराचे कारण दूर झाल्याचा कागद पहिल्या पानावर लावावा. तेच कागद पुन्हा दिले तर बहुधा तेच उत्तर मिळते. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवरील शिक्क्यांची जागा टप्प्याटप्प्याने डिजिटल नोंद घेत असल्याने, परतल्यावर बोर्डिंग पास जपून ठेवावेत. पुढच्या अर्जात वेळेत परतल्याचा पुरावा म्हणून ते उपयोगी पडतात.