मल्टिपल स्क्लेरॉसिस : उपचारांवर एमआरआयची नजर

मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांवरील मायलिनचे आवरण नष्ट करते. चालू औषधाने हा हल्ला थांबला की नाही, हे ठरावीक काळाने काढलेल्या एमआरआयवरून ताडता येते. ‘मला बरं वाटतंय’ एवढ्यावर विसंबता येत नाही. रुग्णाला जाणवणाऱ्या एका उद्रेकामागे मेंदूत साधारण ५ ते १० नवे डाग, म्हणजे एमआरआयवर दिसणाऱ्या इजेच्या खुणा, उमटलेले असू शकतात.

१९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात दहा रुग्ण तपासले गेले. सीटी स्कॅनला १९ डाग दिसले होते. एमआरआयने ते सगळे दाखवलेच, वर आणखी ११२ दाखवले. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा-१बी या एमएसवरील औषधाला मान्यता मिळाली, तेव्हा एमआरआयच्या पुराव्याला मोठे वजन होते.

या पद्धतीत सगळी मदार तुलनेवर आहे, आणि चूक होते तीही तिथेच. औषधाचा परिणाम दिसायला काही महिने लागतात. उपचारापूर्वीच्या स्कॅनशी वर्षभराने तुलना केली, तर औषध लागू पडण्याआधी उमटलेले डागही औषधाच्या अपयशात मोजले जातात. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार उपचार सुरू केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी नवा आधार-स्कॅन काढावा, आणि पुढे साधारण दरवर्षी त्याच्याशी ताडून पाहावे. शक्यतो यंत्र तेच असावे, प्रतिमेचे काप ३ मिमी जाडीचे असावेत. दरवेळी वेगळ्या केंद्रात तपासणी होत असेल, तर जुन्या सीडी जपून सोबत नेणे फार मोलाचे. नुसत्या लेखी अहवालावरून डाग नवा की जुना हे कळत नाही.

गॅडोलिनियम हे डाग उठून दिसावेत म्हणून दिले जाणारे द्रव्य टोचल्यावर उजळणारा डाग ताजा, बहुधा काही आठवड्यांचाच असतो. मात्र चांगला आधार-स्कॅन हाताशी असेल तर दरवेळी हे इंजेक्शन लागत नाही. त्याचे अंश मेंदूत साचतात हेही आता माहीत आहे.

नॅटालिझुमॅब हे एमएसवरील औषध घेणाऱ्यांत, विशेषतः जेसी विषाणूची प्रतिपिंडे जास्त असल्यास, त्याच विषाणूमुळे होणाऱ्या पीएमएल या मेंदूच्या घातक संसर्गाचा धोका असतो. अशांचा एमआरआय दर ३-४ महिन्यांनी काढतात. लक्षणांआधी संसर्ग सापडला तर रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते.

मेंदूचे आकारमान मोजणे अजून रोजच्या वापरात रुळलेले नाही. उपचाराच्या पहिल्या वर्षात सूज उतरल्यानेही मेंदू आक्रसलेला दिसतो, आणि ते नुकसान नसते. उलट बाह्यकातील (मेंदूच्या बाहेरच्या थरातील) डाग नेहमीच्या स्कॅनमध्ये बहुतेक निसटतात. त्यामुळे चालण्याची आणि बोटांच्या कौशल्याची चाचणी एमआरआयसोबत घ्यावीच लागते.